शेजारच्या सीटचा ब्रेक

शहरातल्या अर्ध्या लोकांना गाडी मास्तरांनी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्यांना त्या लोकांनी, असं मास्तर स्वतःच सांगायचे. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची एक खोली होती. भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता, टेबलामागे हिशेब आणि फोन सांभाळणारी त्यांची बायको, आणि दाराशी टपावर लाल पाटी लावलेली पांढरी छोटी गाडी. शिकवायच्या गाडीत असतो तसा शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकाऊ माणूस गडबडला की मास्तर तो दाबायचे आणि म्हणायचे, "घाबरू नका, मी आहे."

दोन वर्षांपूर्वी मास्तर पिऊन गाडी चालवताना नाक्यावर सापडले होते. दंड झाला, परवाना काही महिने निलंबित झाला. तेवढे दिवस गिऱ्हाइकांना सांगितलं की मास्तरांची कंबर धरली आहे. खरं वाटावं म्हणून मास्तर कमरेला पट्टा बांधून ऑफिसात बसायचे, आणि कुणी आलं की उठताना "आई गं" म्हणायचे. घरात यावर हसू व्हायचं. मग त्यांनी दारू सोडली. निदान घरच्यांना तसं वाटत होतं.

त्या दिवशी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं स्वतःची बस घेतली म्हणून दुपारी हॉटेलात जेवण दिलं. मास्तर लेकीला घेऊन गेले. लेक ठकू. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण घरीदारी सगळे ठकूच म्हणत. तिला नुकताच परवाना मिळाला होता. जेवून निघताना मास्तरांचे डोळे लाल झालेले तिनं पाहिले.

"बाबा, चावी द्या. मी चालवते."

"मी जगाला शिकवतो आणि तू मला शिकवणार होय?" असं म्हणून ते हसत स्टीअरिंगमागे बसले. ठकू शेजारी बसली. भर हॉटेलसमोर बापाशी हुज्जत कशी घालायची, हा प्रश्न तिला पडला होता, आणि तो सुटायच्या आत गाडी निघाली.

मोठ्या चौकाच्या अलीकडे मास्तर काहीतरी गंमत सांगत होते. सांगताना तोंड तिच्याकडे होतं. समोर सिग्नल लाल झाला.

"बाबा, लाल आहे!"

"हं, तर तो म्हणतो कसा..."

गाडीचा वेग कमी होईना. डावीकडून एक स्कूटर चौकात शिरली. ठकूचा पाय आपोआप पुढे गेला आणि तिनं शेजारच्या सीटचा ब्रेक जीव खाऊन दाबला. टायर किंचाळले. गाडी जवळजवळ थांबलीच होती, पण स्कूटरच्या मागच्या चाकाला धक्का बसला आणि माणूस उडून फुटपाथच्या कडेला आदळला. त्याच्या पायाशी ठेवलेलं खोकं फुटलं. रस्ताभर चष्मे पसरले. कुणाच्या तरी नंबरच्या काचा उन्हात चमकत होत्या.

चारी बाजूंनी लोक धावले, सगळे पडलेल्या माणसाकडे. गाडीकडे कुणी बघत नव्हतं. मास्तरांचे हात अजून स्टीअरिंगवर होते. ते बोलले तेव्हा आवाज इतका शुद्धीवरचा होता की ठकूच्या अंगावर काटा आला.

"तू चालवत होतीस."

"काय?"

"तू प्यायलेली नाहीस. लायसन्स आहे. तुला फार तर दंड होईल. मला दुसरी वेळ आहे ठकू, आत टाकतील. समजतंय का तुला?"

ती दार उघडून धावली. माणूस शुद्धीत नव्हता, पण श्वास चालू होता. एक पाय नको त्या दिशेला वळला होता. तिनं ॲम्ब्युलन्सला फोन केला, त्याचं डोकं हलू दिलं नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा मास्तर शेजारच्या सीटच्या दाराला टेकून उभे होते. जणू तिथूनच उतरले होते.

वाहतूक शाखेच्या इन्स्पेक्टर बाई आल्या. चाळिशीच्या, करड्या आवाजाच्या.

"गाडी कोण चालवत होतं?"

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांची बोटं दाराच्या कडेवर थरथरत होती. ठकूला ती बोटं दिसली, दुसरं काही दिसलं नाही.

"मी," ती म्हणाली.

बाईंनी तिला यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. काही निघालं नाही. मग त्यांनी नळी बदलून यंत्र मास्तरांपुढे धरलं.

"मी तर बाजूला बसलो होतो."

"फुंका हो, फुकट आहे."

यंत्र वाजलं. बाईंनी आकडा लिहून घेतला. "भरपूर आहे. नशीब तुमचं, गाडी लेकीच्या हातात होती."

ठाण्यात जबाब लिहून घेताना त्यांनी विचारलं, "ब्रेक कधी मारलास?"

"लाल दिसल्यावर... लगेच."

"लगेच मारला असतास तर गाडी अलीकडेच थांबली असती." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मारला तूच ना?"

"हो. मीच मारला."

आत्तापर्यंत पुटपुटणारी ठकू एवढंच खणखणीत बोलली, कारण तेवढंच खरं होतं. बाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"खोटा जबाब देणं हाही गुन्हा असतो. हे मी सगळ्यांना सांगते. तुलाही सांगितलं. कर सही."

संध्याकाळी मामा आला. आईचा धाकटा भाऊ, एका वकिलाकडे कारकून. घरात त्याला 'अर्धे वकील' म्हणायचे आणि तो त्यावर खूशही असायचा. आज मात्र कुणी चेष्टा केली नाही.

"कायदा स्पष्ट आहे," तो म्हणाला. "पहिल्या वेळेला दंड, ते आपलं भोगून झालं. दुसऱ्या वेळेला कैद, दोन वर्षांपर्यंत, आणि परवाना कायमचा रद्द. वर माणूस जायबंदी झालाय, त्याचं कलम वेगळं. भाऊजी गेले की स्कूल गेलं, स्कूल गेलं की घर गेलं. आणि ठकूला काय? निष्काळजीपणा. पहिलाच गुन्हा, वय लहान. दंडावर भागेल. आता सगळ्यांनी एकच बोलायचं. इस्पितळाकडे फिरकायचं नाही."

मास्तर वर्तमानपत्राची कड फाडत बसले होते. बारीक बारीक पट्ट्या.

आईनं ठकूला स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ पूर्ण सोडला. भांडं भरून वाहायला लागलं तरी बंद केला नाही.

"तू चालवत नव्हतीस ना?"

ठकूनं तोंड उघडलं. आईनं ओला हात तिच्या ओठांवर ठेवला.

"नको. सांगू नकोस. मला माहीत नाही असंच राहू दे."

मग तिनं नळ बंद केला आणि भाजी चिरायला घेतली.

ठकू चार दिवस मूग गिळून बसली. पाचव्या दिवशी तिला राहवलं नाही आणि ती कुणाला न सांगता इस्पितळात गेली. जखमी माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा कारागीर होता. तयार चष्मे घेऊन तो दुसऱ्या शाखेत निघाला होता. पाय वजन लावून वर टांगलेला, गालावर खरचटल्याची खपली. ठकूनं आपण कोण ते सांगितलं. आता हा शिव्या घालणार म्हणून ती कॉटची दांडी धरून उभी राहिली.

"तुम्ही आलात, बरं केलंत," चष्मेवाला म्हणाला. "मलाच तुमची माफी मागायची होती."

"माफी?"

"मला काही आठवत नाही. दुकानातून निघालो तेवढं आठवतं, पुढं सगळं कोरं. पण सगळे सांगतात, चालवणारी मुलगी नवी होती, जपून चालवणारी, थेंबभरही प्यायलेली नव्हती. म्हणजे सिग्नल मीच तोडला असणार. मालकही तेच म्हणाले." तो छताकडे बघत होता. "मी कधी सिग्नल तोडत नाही हो. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी थांबतो, पोरं हसतात मला. पण तोडला असणार. रात्रंदिवस तेच आठवायचा प्रयत्न करतो. आठवतच नाही. आता तुम्हाला उगाच कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार माझ्यामुळे."

नर्स आली तसं निमित्त साधून ठकू बाहेर पडली, आणि जिन्यात भिंतीला धरून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिकवणीच्या मैदानावर गेली. मास्तर एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. त्यांचा परवाना शाबूत होता, मग शिकवायला कोण अडवणार? बाई उतरून गेल्यावर ठकू गाडीत बसली. मास्तर पेपरमिंट चघळत होते. आणि त्या पेपरमिंटच्या खाली दुसरा वास होता. सकाळी, शिकवणीच्या वेळी, शेजारच्या सीटवर बसून.

ती काय बोलायचं ते ठरवून आली होती. ते सगळं डोक्यातून गेलं.

"बाबा, मी खरं सांगणार आहे."

मास्तर पुढच्या काचेतून बघत राहिले. "डोकं फिरलंय का तुझं?"

"तो माणूस स्वतःला दोष देतोय."

"गेलीस तू तिकडे? मामानं सांगितलं होतं ना?"

"तुम्ही आत्ताही प्यायला आहात. या बाईंनी आज कुणाला उडवलं असतं तर? तेव्हा काय, त्या चालवत होत्या म्हणून मोकळे?"

त्यांनी डॅशबोर्डवर हात आपटला. "मी बाप आहे तुझा! आयुष्यात कधी काही मागितलं का तुझ्याकडे? एकदा मागितलं. एकदा!"

"माहीत आहे."

"मग?"

तिला रडू येत होतं, पण ती रडली नाही. "मी आत्ता जातेय. तुम्ही बरोबर येत असाल तर चला."

मास्तर आले नाहीत. मैदानाच्या फाटकाशी पोचल्यावर तिनं मागे पाहिलं. ते तसेच गाडीत बसून होते, इंजिन बंद, दोन्ही हात मांडीवर.

ठाण्यात इन्स्पेक्टर बाईंनी तिला आधी पाणी दिलं.

"हे लिहून घेतलं की तुझ्यावरही खोट्या जबाबाची केस होईल. विचार करून आलीस ना?"

"हो."

"वकील आहे?"

"अर्धे वकील आहेत घरात. पण ते समोरच्या बाजूला असतील."

बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

तिथून ती तशीच इस्पितळात गेली. "सिग्नल तुम्ही तोडला नव्हता," तिनं एका दमात सांगितलं. "आमच्यासाठी लाल होता. गाडी माझे वडील चालवत होते. ते प्यायलेले होते."

चष्मेवाल्याचा चेहरा आधी सुटल्यासारखा झाला. मग हळूहळू आवळत गेला.

"काल तुम्ही इथंच उभ्या होतात," तो म्हणाला. "मी बोलत होतो आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"हो."

"जा तुम्ही."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. ठकू गेली.

घर दोन तुकड्यांत फुटलं. मास्तर जेवायला वेगळे बसू लागले. मामा ठकूशी बोलेनासा झाला, आणि काही सांगायचं असलं की भिंतीला सांगायचा: "काही लोकांना घर बुडवल्याशिवाय चैन पडत नाही." आई दोघांना वाढायची आणि दोघांकडेही बघायची नाही.

खटला उभा राहिला तेव्हा मामाच्या वकीलसाहेबांनी बचाव ठरवून ठेवला होता. यंत्रातला आकडा नाकारता येत नव्हता, पण पिऊन शेजारी बसणं हा गुन्हा नाही. गाडी मास्तरच चालवत होते याला ठकूशिवाय साक्षीदार नव्हता. चष्मेवाल्याला काही आठवत नव्हतं. चौकातले लोक त्याच्याकडे धावले होते. तेव्हा ठकूला खोटी पाडली की काम फत्ते.

कोर्टाची खोली लहान आणि उकडणारी होती. डोक्यावरचा पंखा नुसता आवाज करत होता. एका बाजूला चाकाच्या खुर्चीत चष्मेवाला, शेवटच्या बाकावर आई, एकटी. मास्तर आरोपीच्या जागी उभे, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात. ठकूनं शपथ घेतली.

"पहिला जबाब तुमचा, दुसराही तुमचाच," वकीलसाहेब गोड आवाजात म्हणाले. "खरा कुठला?"

"दुसरा."

"म्हणजे खोटं बोलता येतं तुम्हाला. वडिलांशी भांडण झालं होतं ना? मैदानावर आरडाओरडा झाला म्हणे."

"झाला. पण—"

"आणि लगेच तिथून पोलिसांत. रागाच्या भरात." ते न्यायाधीशांकडे वळले आणि परत फिरले. "बरं, ब्रेक कोणी मारला?"

"मी."

"झालं तर मग! ब्रेक ज्याचा, गाडी त्याची."

"नाही. मी शेजारच्या सीटवर होते. शिकवायची गाडी आहे, तिथंही ब्रेक असतो."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं, हसू थांबलं.

"शेजारच्या सीटवर तर शिकवणारा बसतो. तुम्ही शिकवता?"

"नाही."

"मग चालत्या गाडीत, चालवणाऱ्याच्या आधी, तुम्ही बरोबर ब्रेक दाबलात यावर आम्ही विश्वास ठेवायचा?" वकीलसाहेबांचा आवाज चढला. "साहेब, गोष्ट साधी आहे. ही मुलगी चालवत होती. घाबरली, ब्रेक उशिरा मारला, एका गरीब माणसाचा पाय मोडला. मनाला लागलं. डोक्यावर परिणाम झाला. आता स्वतःची चूक ती बापाच्या माथी मारते आहे. तिला शिक्षेची नाही, औषधपाण्याची गरज आहे."

सगळी खोली ठकूकडे वेड्या माणसाकडे बघावं तशी बघत होती, आणि एक क्षण तिला स्वतःलाच वाटलं की आपण खरंच उजव्या बाजूला बसलो होतो की काय.

"उशिरा नाही."

आवाज मास्तरांचा होता. मामा अर्धवट उठला, वकीलसाहेबांनी हातानं गप्प बसायची खूण केली.

"तुमची पाळी आल्यावर बोला," न्यायाधीश म्हणाले.

"बोलू द्या साहेब. पुन्हा हिंमत व्हायची नाही." मास्तरांनी लाकडी कठडा घट्ट धरला. "ब्रेक तिनं वेळेवर मारला. मी तर मारलाच नाही. मला लाल दिसलाच नव्हता. तिनं मारला नसता तर तो माणूस आज खुर्चीतही नसता. गाडी मी चालवत होतो. तिला वेडी म्हणू नका."

वकीलसाहेबांनी कागद मिटले. मामानं कपाळाला हात लावला. आईचा हुंदका फुटला तो सगळ्यांना ऐकू आला. चष्मेवाला मात्र मास्तरांकडे एकटक बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

कबुलीमुळे न्यायाधीशांनी शिक्षा कमी केली, पण दुसरी वेळ म्हणून माफ केली नाही. मास्तरांना काही महिन्यांची कैद झाली, परवाना कायमचा रद्द झाला, चष्मेवाल्याला भरपाई द्यायची होती. ठकूला खोट्या जबाबाबद्दल दंड झाला आणि समज मिळाली. न्यायाधीश तिला म्हणाले, "दुसऱ्यांदा खरं बोललात म्हणून पहिल्यांदाचं पुसलं जात नाही." तिनं मान हलवली. ते तिला पटत होतं.

स्कूल बंद झालं. भरपाईसाठी गाडी विकावी लागली. ठकूला एका औषधांच्या गोदामात काम मिळालं, आणि आई शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायला जाऊ लागली. मामा पुष्कळ दिवस आला नाही. मग एकदा दाराशी येऊन नुसतंच म्हणाला, "चहा आहे का?" आईनं टाकला.

सुरुवातीला मास्तर कुणाला भेटायला तयार नव्हते. दारू एकदम तुटल्यामुळे त्यांना तुरुंगाच्या दवाखान्यात ठेवलं होतं, असं नंतर कळलं. त्यांनी बोलावलं तेव्हा ठकू गेली. जाळीपलीकडे ते वाळलेले दिसत होते. दाढी वाढलेली, पण डोळे पांढरे स्वच्छ.

"माझा राग गेलेला नाही," मास्तर म्हणाले.

"असू दे."

"स्वतःवरचाही गेलेला नाही. दोन्ही आहेत." त्यांनी नाक पुसलं. "इथं सकाळी उठल्यावर काही लपवावं लागत नाही, तेवढं एक बरं आहे. तो कसा आहे?"

"काठी घेऊन चालतो. कामावर जायला लागलाय. माझ्याशी बोलत नाही."

"बरोबर आहे त्याचं."

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. मास्तर उठले, दोन पावलं गेले आणि परत जाळीशी आले.

"बाहेर आल्यावर मी काय करायचं गं ठकू? मला दुसरं काही येत नाही."

या वेळी ठकूनं उत्तर बनवलं नाही.

"मलाही माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "आपण शोधू."

त्यांनी मान डोलावली आणि ते कैद्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.